पिंपरीच्या मातीतील औषध

वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीला वास का येतो, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले आम्हांला विचारतात. मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातील असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पावसाचे थेंब आपटले की ते हवेत उडते आणि आपल्याला मृद्गंध जाणवतो. या साध्या उत्तराचा एक धागा थेट पिंपरीच्या इतिहासाला जाऊन मिळतो.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना असे आढळले, की बशीत उगवलेल्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झाले आहेत. बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. जंतूंच्या पेशीभोवती भिंत असते. ती बांधण्याचे कामच हे औषध थांबवते. मनुष्याच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून रोगी सुरक्षित राहतो. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला हे औषध टोचण्यात आले. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध काढून ते पुन्हा टोचले, तेही पुरले नाही आणि तो दगावला. औषध ठाऊक असणे आणि ते हाताशी असणे, यांत केवढे अंतर!

नवस्वतंत्र भारतातील गोरगरिबांपुढेही हेच अंतर होते. ते कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य आणि युनिसेफची यंत्रसामग्री घेऊन १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. टेल्को आणि बजाज यांचे कारखाने या परिसरात येण्याआधीची ही गोष्ट आहे. पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही येथे बनू लागले.

परंतु पिंपरीने केवळ परक्यांचे शोध गिरवले नाहीत. तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीच्या नमुन्यांतील सूक्ष्म जीव तपासत होते. त्यांतील एकाला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले. त्यापासून १९६०च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे औषध मिळाले. पेनिसिलिन बुरशीपासून निघते आणि जंतूंना मारते. हॅमायसिन जंतूपासून निघते आणि बुरशीला मारते. पहिल्या पावसात ज्यांचा सुगंध दरवळतो, त्याच कुळातला हा जीव. एका गावाचे नाव असे विज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले.

पुढे कंपनी तोट्यात गेली. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. कामगारांचे थकलेले वेतन मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. तरीही आम्हांला एक गोष्ट सलते. ज्या मातीत माणसांनी औषध शोधले, त्या मातीला आज आपण केवळ चौरस फुटांच्या भावाने ओळखतो.

बेन सिरा याच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात परमेश्वराने भूमीतून औषधे निर्माण केल्याचे सांगितले आहे. पिंपरी ते चाकण या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांतील मुले उद्या यंत्रे चालवतील, आराखडे काढतील. त्यांनी मातीच्या वासाविषयी विचारले, तर पालकहो, त्यांना गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर त्यांच्यासोबत बसून ते शोधा.