डिस्क पूर्ण उतरली, पण लॅपटॉप उठेना

बाबांचं कऱ्हाडातलं डीटीपीचं दुकान २०१९ साली बंद झालं. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, मंडळांचे अहवाल कुणी छापून घेईना. दुकानातून घरी आला तो २०११ सालचा एक लॅपटॉप. विंडोज ७, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क, पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले पोतंभर मराठी फाँट.

गेल्या मे महिन्यात बाबांना एका ताईंचा फोन आला. त्यांचे वडील आमच्या पेठेतले गुरुजी. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता आणि बाबांनी २०१४ मध्ये त्याची अक्षरजुळणी करून दिली होती. २१२ पानं. पैशांअभावी छपाई राहिली, गुरुजी गेले, आणि हस्तलिखित २०१९ च्या पुरात भिजून लगदा झालं. "काका, तुमच्याकडे असेल ना हो कुठेतरी?"

होतं. पण लॅपटॉप चालू केल्यावर डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला आणि वीस मिनिटांत मशीन तापून बंद पडलं.

तुम्ही म्हणाल, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, विषय संपला. तसं नव्हतं. त्या जुन्या फाँटांत संगणक मराठी अक्षरं साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फाँट नसला की 'कृष्णाकाठ'च्या जागी उंदीर कीबोर्डवरून पळून गेल्यासारखा मजकूर दिसतो. फाँटाची सीडी कधीच हरवली होती. म्हणजे फाइल, फाँट, पेजमेकर आणि ते सगळं जिथे बसवलंय ती विंडोज असा अख्खा संसारच उचलून आणायला हवा होता. मी ठरवलं, पूर्ण डिस्कचा बॅकअप घ्यायचा.

डिस्क काढून माझ्या लिनक्सला जोडली. अशा कामासाठी 'डीडी' नावाची जवळजवळ युनिक्सइतकीच म्हातारी कमांड आहे. तिच्यात कुठून आणि कुठे ही दोन नावं उलटी झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर बिनतक्रार लिहिली जाते. आजारी डिस्कसाठी तिची शहाणी बहीण आहे, डीडीरेस्क्यू. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांची नोंद ठेवून त्यांच्याकडे नंतर पुन्हा पुन्हा जाते. दोन रात्री ते चाललं. शेवटी मोजके सेक्टर सोडून सगळं हाती आलं. ते नव्या एसएसडीवर उतरवलं, एसएसडी माझ्या २०२२ सालच्या लॅपटॉपात बसवली आणि बटण दाबलं.

बूट करण्याजोगं काही सापडलं नाही, असं काळ्या पडद्यावर आलं.

बाबा मागेच उभे होते. म्हणाले, "मग कॉपी कसली केलीस?"

लागलं मला ते. पुढचा शनिवार बूट सेटिंग्जमध्ये गेला. सिक्युअर बूट बंद केलं, क्रम बदलला, 'लेगसी' नावाचा पर्याय शोधला, तो नव्हताच. एसएसडी पुन्हा लिनक्सवर जोडून पाहिली, तर सगळं जागच्या जागी. गुरुजींच्या फोल्डरसकट. डिस्कवर काहीच कमी नव्हतं, तरी मशीन तिला ओळख देत नव्हतं. हे असं का, ते शोधताना मी चाळीस वर्षं मागे गेलो.

संगणक चालू होताना त्याच्यापुढे एक चमत्कारिक अडचण असते. डिस्कवरचा प्रोग्रॅम वाचायला आधी एक प्रोग्रॅम लागतो. तो आणायचा कुठून? जुन्या मिनिकॉम्प्युटरांवर माणूस समोरच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून मोजक्या सूचना हाताने भरायचा, त्या सूचना कागदी टेप वाचायच्या, आणि टेपवरून मोठा प्रोग्रॅम यायचा. बुटाच्या मागे ओढायला जी पट्टी असते, ती धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक अशक्य गोष्टीची थट्टा आहे. 'बूट' हा शब्द तिथला. आपण रोज म्हणतो ते 'रीबूट' म्हणजे खरं तर चप्पल पुन्हा घालणं.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पीसी बाजारात आणला. फ्लॉरिडातल्या बोका रॅटन इथे बनवलेला. त्यातल्या कायमस्वरूपी चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम होता, बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून आलेलं. बायोस मेमरी तपासायचा, फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीत एका ठरावीक जागी ठेवायचा आणि कारभार त्याच्या हाती द्यायचा. ती जागा म्हणजे पत्ता क्रमांक ३१,७४४. हा आकडा विचित्र वाटतो, पण ३२ केबी मेमरीतून शेवटची १ केबी वजा करा, नेमका हाच येतो. त्या काळी ३२ केबी ही चैन होती. त्या काटकसरीतून निघालेला पत्ता बाबांच्या २०११ च्या लॅपटॉपातही तोच होता.

१९८३ मध्ये १० एमबीच्या हार्ड डिस्कसह पीसी एक्सटी आला, सोबत डॉस २.०. आता एका डिस्कचे भाग पाडायचे होते, म्हणून पहिल्या सेक्टरची वाटणी झाली. ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट भागांच्या नोंदीला, शेवटचे २ बाइट सहीला. नोंद १६ बाइटची, म्हणून भाग चारच. सही कायम एकच, ५५ आणि एए. द्विमान पद्धतीत लिहिली तर प्रत्येक बाइटमध्ये एकाआड एक शून्य आणि एक अशी सुबक नक्षी. आणि ४४६ बाइट म्हणजे किती? युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साधारण ३ बाइट खातं. म्हणजे दीडशे चिन्हंसुद्धा नाहीत. सकाळचा एक सुविचार फॉरवर्ड मावणार नाही एवढ्या जागेतून पुढची तीस वर्षं विंडोज जागी होत होती.

माझ्या गोष्टीसाठी महत्त्वाचं असं, की जागं होण्याची युक्ती डिस्कवरच होती. चिपला एवढंच ठाऊक होतं की पहिला सेक्टर वाचायचा. कॉम्पॅकने आणि मग फिनिक्सने आयबीएमची नक्कल न चोरता बायोस नव्याने लिहिला, तेव्हा त्यांनीही हा करार जसाच्या तसा पाळला. म्हणून एका कंपनीच्या मशीनची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या मशीनात चालू होण्याची चांगली शक्यता असायची.

या कराराचा पहिला गाजलेला गैरफायदा आपल्या शेजारी घेतला गेला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसायचा. गंमत म्हणजे मूळ सेक्टर पुसत नसे. तो दुसरीकडे लपवून ठेवायचा आणि कुणी पहिला सेक्टर मागितला, की ती लपवलेली प्रत पुढे करायचा. आत दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही होते. कित्येक फ्लॉप्यांच्या बूट सेक्टरचा आयुष्यातला एकमेव बॅकअप एका व्हायरसने घेतला असणार.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' लिहिलं. एक संगणक नीट बसवायचा, त्याची पूर्ण डिस्क प्रतिमा घ्यायची आणि बाकीच्या मशीनांवर ओतायची. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं. कॉलेजांच्या लॅब आणि सायबर कॅफे असल्याच साधनांवर जगले. 'फुल डिस्क' हे शब्द तेव्हा बऱ्यापैकी खरे होते.

बऱ्यापैकीच, कारण थोडा संसार डिस्कबाहेर गेला होता. १९८४ च्या पीसी एटीपासून मदरबोर्डवर बॅटरीवर जगणारी एक छोटी मेमरी आली. घड्याळ, डिस्कचा प्रकार, असल्या सेटिंग्ज तिच्यात. पुढे बायोसची चिपही मशीनमध्येच पुन्हा लिहिता येऊ लागली. ही चिप नेमकी हेरली तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याच्या सीआयएच व्हायरसने. २६ एप्रिल १९९९ ला त्याने डिस्कचा पहिला एक एमबी पुसला आणि जमेल त्या मदरबोर्डवर बायोसही खराब केला. डिस्कचा बॅकअप असलेल्यांनाही अशा मशीनवर तो परत ओतता आला नाही. मशीनच उठत नव्हतं.

जुनी पद्धत शेवटी आकड्यांनी संपवली. भागांच्या नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहायचा, सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २ टीबीवर भिंत येते. शिवाय इंटेल आणि एचपी इटॅनियम या प्रोसेसरवर काम करत होते, आणि १९८१ चा बायोस तिथे नेण्यात अर्थ नव्हता. त्यातून ईएफआय निघालं, २००५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून त्याचं यूईएफआय केलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ते घरोघरी गेलं.

ही पद्धत जुनीपेक्षा चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भागांची नोंद आता डिस्कच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा असते. पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीची एक खोटी नोंद मुद्दाम ठेवतात, जुन्या प्रोग्रॅमना डिस्क रिकामी वाटू नये म्हणून. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. पण करार बदलला. मदरबोर्ड आता स्वतः डिस्कवरचा एक विशिष्ट भाग उघडतो, त्यातली फाइल शोधून चालवतो, आणि कुठली फाइल चालवायची याची यादी स्वतःच्या मेमरीत ठेवतो. ती यादी डिस्कवर नसते. 'फुल डिस्क' बॅकअपमध्ये ती येत नाही, तरी बॅकअपचे प्रोग्रॅम आजही तोच शब्द वापरतात. हा आळस मला खटकतो.

बरीच वर्षं नवी मशीनं जुन्या बायोसचं सोंगही आणू शकत होती. सेटिंग्जमधलं 'लेगसी' ते हेच. २०१७ मध्ये इंटेलने सांगितलं की २०२० पर्यंत हे सोंग बंद करायचं. माझा लॅपटॉप त्यानंतरचा. बाबांच्या डिस्कचा पहिला सेक्टर शाबूत होता, सहीसुद्धा. ती वाचणारंच समोर कुणी नव्हतं.

उपाय मग हाच, की वाचणारा उभा करायचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन बनवलं की ते मुळात जुन्या बायोसचंच असतं, सॉफ्टवेअरने केलेली नक्कल. डिस्कची प्रतिमा त्याच्या साच्यात बदलून घेतली आणि चालू केली. विंडोजचं बोधचिन्ह उमटलं, बाबा "आलं, आलं" म्हणाले, आणि निळा पडदा आला. त्रुटी ७बी. म्हणजे विंडोज उठली, पण ज्या डिस्कवरून उठली ती डिस्कच तिला सापडेना.

इथे मला सीआयएच आठवला. डिस्कबाहेरचा संसार! जुना लॅपटॉप, आता डिस्कविना, पुन्हा चालू केला आणि तो तापायच्या आत सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. तिसऱ्या पानावर डिस्कशी बोलण्याची पद्धत लिहिली होती, आयडीई. माझं नकली मशीन नव्या एएचसीआय पद्धतीने बोलत होतं, आणि विंडोज ७ ने बसवताना जी भाषा ऐकली नसेल ती तिला सहसा कळत नाही. हा एक शब्द ३२० जीबीत कुठेच नव्हता. तो मदरबोर्डवर होता. अशा कामाच्या आधी सेटिंग्जचे फोटो घ्यायचे, हे मला दोन दिवस आधी सुचायला हवं होतं.

पद्धत बदलली. या वेळी डेस्कटॉप आला. बाबांच्या दुकानाचा गणपती वॉलपेपरला, कडेला तीसेक पत्रिकांचे आयकॉन. पेजमेकर उघडला, गुरुजींची फाइल उघडली. वाचता न आलेले सेक्टर तिच्या वाट्याला आले नव्हते. पहिल्या पानापासून सरळ मराठी.

मी पीडीएफ बनवायला घेणार तोच बाबा म्हणाले, "थांब जरा. ८७ वर जा." तिथे एका पाटलांच्या नावात चूक होती. गुरुजींनी दुसऱ्या प्रुफात खूण केली होती, दुरुस्त करायची राहिली. खुर्ची ओढून बाबा बसले आणि कीबोर्डकडे न बघता जुन्या कळफलकावर नाव नीट केलं. मग ११२ वर एक सनावळ. मग आणखी काहीतरी.

ताईंना पीडीएफ रात्री साडेअकराला गेला.