एक शब्द, तीन नद्या

रात्री अकराला पुण्याहून भाच्याचा फोन. आवाज कापत होता. "मामू, घर में पानी तो नहीं आया?" मी अंगणात बाजेवर बसलो होतो. आमच्याकडे पावसाने दडी मारलेली! झाले असे, की 'पूर्णेला पूर' ही बातमी त्याने इंटरनेटवर शोधून वाचली. बातमी खरी होती. पण ती पूर्णा विदर्भातली, अमरावती-अकोल्याकडून जाऊन चांगदेवपाशी तापीला मिळणारी. आमची पूर्णा गोदावरीला मिळते. तिसरी गुजरातेत, नवसारीकडची. शिवाय पंचमी, दशमी, पौर्णिमा या तिथीही पूर्णाच. यंत्राने बिचाऱ्याने काय करावे?

जुनी शोधयंत्रे मुख्यतः अक्षरे जुळवीत. 'पूर्णा' लिहिले, की 'पूर्णेला', 'पूर्णेचे' असलेला मजकूर निसटायचा. मराठी विभक्तीने भल्याभल्यांना घाम फोडला आहे.

अर्थावरून शब्द लावण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनीच. अमरकोशात वर्णानुक्रम नाही. समानार्थी शब्द एकत्र, तेही विषयवार. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशातही असेच वर्ग आहेत. त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. (माझे नाव फारसी वळणाचे आणि कविता मराठी, मला दोन्हीकडचे शब्द घरचेच वाटतात.) अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये 'वर्डनेट'चे काम सुरू केले, तेही समानार्थी शब्दांच्या जुड्या बांधूनच. पुढे मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या चमूने हिंदीचे आणि मराठीचेही शब्दजाळे विणले. त्यात एका शब्दाचे दोन अर्थ असले, तर तो दोन जुड्यांत जातो. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला भरायचा तो!

पण कोणत्या वेळी कोणती जुडी उचलायची? २०१३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून आकड्यांत मांडण्याची सोपी, वेगवान पद्धत दिली. २०१९ पासून गूगलच्या शोधात 'बर्ट' नावाची प्रणाली आली. ती शब्दाच्या मागचे-पुढचे दोन्हीकडचे शब्द पाहते. म्हणजे शेजारी 'जंक्शन' असेल तर आमचे गाव, 'तापी' असेल तर दुसरी नदी. हे सारे यंत्र शिकते ते लिहिलेल्या मजकुरावरून. ज्या गावाविषयी कुणी फारसे लिहिलेच नाही, त्याची ओळख त्याला कोण करून देणार?

"नुसते पूर्णा लिहू नकोस, परभणी जोड," असे मी भाच्याला बजावले. पुढच्या पावसाळ्यात नदी खरोखरच फुगली. त्याचा फोन आला नाही. मग मीच केला.