यंत्रांच्या तालावर दहा राग

अनंतचतुर्दशीच्या रात्रीं उल्हासनगरच्या कँपांपासून अंबरनाथ-बदलापुरापर्यंत कोठेंही उभें राहावें, खिडक्यांचीं तावदानें हादरविणारा एक खर्ज कानीं पडतोच. सुशिक्षित मंडळी कानांवर हात ठेवून म्हणतात कीं, हें विलायती खूळ आमच्या माथीं आलें. आवाजाच्या अतिरेकाविषयींचें त्यांचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे; परंतु 'विलायती' या विशेषणापाशीं आम्ही थोडे अडखळतों. विजेच्या यंत्रांवर नृत्यसंगीत रचणारांचा विषय निघाला कीं जर्मनी, अमेरिका, स्वीडन हींच नांवें पुढें येतात. नॉर्वेच्या उत्तर टोंकास असलेल्या ट्रॉम्सो गांवच्या दोघां मित्रांची 'रॉयक्सॉप' ही जोडी घ्या. २००१ सालच्या तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासूनचा वृत्तांत तिकडील लेखकांनीं तपशीलवार लिहून ठेविला आहे. मुंबईच्या चरणजितसिंगांचें नांव मात्र त्यांच्याच शहरांत फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

चरणजितसिंग (जन्म १९४०) हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादक. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनीं गिटार, बेस गिटार व ट्रान्सिकॉर्ड नांवाचें विजेवर चालणारें अकॉर्डियन वाजविलें. हा व्यवसायच विलक्षण आहे. वादकाचा हात लाखों लोक रोज ऐकतात; नांव कोणी ऐकत नाहीं. चित्रपटगीतांच्या चाली नुसत्या वाद्यांवर वाजविलेल्या कांहीं तबकड्या त्यांच्या स्वतःच्या नांवावर निघाल्या, पण त्यांतही चाल दुसऱ्याचीच असावयाची.

१९८२ च्या सुमारास चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ झाला होता. चरणजितसिंगांनीं विचार केला कीं, हाच ठेका घेऊन कांहीं निराळें कां करूं नये? त्यांच्यापाशीं रोलँड या जपानी कंपनीचीं तीन नवीं यंत्रें होतीं : तालाचें टी.आर. ८०८, खर्जाचें टी.बी. ३०३ आणि ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर. यांपैकीं मधल्याची हकीकत मनोरंजक आहे. एकट्यानें गिटार वाजविणारास बेस गिटारवाल्याची उणीव भासूं नये, म्हणून तें काढलेलें; परंतु बेस गिटारसारखा आवाज त्यांतून निघेना. गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली आणि १९८४ मध्यें कंपनीनें तें बंद केलें. तें एका वेळीं एकच स्वर काढी, ठराविक स्वरावळ पुनःपुन्हा घोळवी, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यांत होती. पाश्चात्य वादकास हें तोकडें वाटावें यांत नवल नाहीं. पण आमच्या रागास स्वरसंघात नकोच असतो. एकेक स्वर, त्यांमधील घसीट, आणि खालीं अखंड गुंजणारा आधार मिळाला कीं त्याचें भागतें. तिकडचा दोष इकडे गुण ठरला. ललत, तोडी, यमन, कलावती, मालकंस इत्यादि दहा राग, प्रत्येकीं सुमारें पांच मिनिटें, डिस्कोच्या ठेक्यावर त्यांनीं बसविले. एच.एम.व्ही.नें तबकडी काढली. ती खपली नाहीं.

तबकडी सर्वथैव निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तोडीचा गांधार जेथें बसावयास हवा तेथें या यंत्राची पट्टी त्यास बसूं देत नाहीं. अशाच कारणांवरून १९४० सालीं आकाशवाणीनें बाजाच्या पेटीस दार बंद केलें होतें. हीं यंत्रें त्या परीक्षकांपुढें गेलीं असतीं तर काय झालें असतें, याची कल्पनाच करावी! तथापि कलावतीसारख्या रागांत हा दोष तितकासा जाणवत नाहीं, आणि तेथें पट्टीवरच्या बोटांची सफाई ऐकण्याजोगी आहे.

पुढें शिकागोच्या 'फ्यूचर' या तरुण मंडळीनें त्याच टाकाऊ खर्जयंत्राच्या खुंट्या वाजतां वाजतां पिळून १९८७ मध्यें 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली, आणि 'ॲसिड हाउस' नांवाचा संप्रदाय जगभर पसरला. मुंबईची तबकडी तिच्याही पांच वर्षें आधींची. म्हणून कित्येक अभिमानी चरणजितसिंगांस त्या संप्रदायाचे जनक म्हणूं लागले आहेत. आम्हांस हें पटत नाहीं. शिकागोच्या मुलांनीं ती ऐकली होती असें मानण्यास आधार नाहीं, आणि ज्याची परंपरा चालली नाहीं त्यास जनक कसें म्हणावें? एकाच यंत्राच्या पोटांत दडलेला ध्वनि दोन ठिकाणीं, एकमेकांस न कळतां, दोघांना सांपडला, एवढेंच खरें. आणि मुंबईंत तो आधीं सांपडला, हेंही तितकेंच खरें.

एडो बाउमन या डच संग्राहकास ती तबकडी २००२ सालीं दिल्लींत मिळाली. २०१० मध्यें त्यानें ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हां युरोपांतील जाणत्यांस ती थट्टाच वाटली. कोणा आधुनिक कलावंतानें जुनें साल घालून हें बनावट काम केलें असावें, असा संशय घेतला गेला. पण तबकडीचा कर्ता मुंबईंत हयात होता! सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंग युरोपच्या रंगमंचांवर गेले व तेच राग त्याच जातीच्या यंत्रांवर त्यांनीं वाजविले. पुढ्यांत नाचणाऱ्या तरुणांपैकीं बहुतेकांचा जन्म १९८२ नंतरचाच असावा. जुलै २०१५ मध्यें मुंबईंत त्यांचें निधन झालें.