मुंबई उपनगरांतील नाताळवृक्ष

नाताळच्या सणात घरात वा चर्चमध्ये उभारून दिवे, रंगीत गोळे, चांदण्या इत्यादींनी सजविण्यात येणारे सदाहरित झाड, त्याची फांदी किंवा प्रतिकृती. ‘नाताळ’ हा मराठीत रूढ झालेला शब्द ‘जन्मासंबंधीचा’ या अर्थाच्या मूळ लॅटिन शब्दापासून पोर्तुगीज भाषेतून आला. शब्द आणि सण ही दोन्ही पोर्तुगीज अमलात साष्टी बेटावर रुजली. वृक्ष मात्र त्यांच्याबरोबर आला नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील ख्रिस्ती घरांत आज दिसणारा नाताळवृक्ष बहुधा हात-दीड हात उंचीचा असून तो मेजावर, कपाटावर वा दूरचित्रवाणी संचाशेजारी मांडलेला असतो. जागेच्या टंचाईमुळे मूळचा मोठा वृक्ष खुजा झाला, असे त्याच्याविषयी सर्रास म्हटले जाते. इतिहास पाहता ही समजूत अर्धीच खरी ठरते.

या प्रथेचा उगम जर्मन भाषक प्रदेशात झाला. २४ डिसेंबर हा आदाम व एवा यांचा स्मरणदिन असे आणि त्या दिवशीच्या धार्मिक नाट्यप्रयोगांत सफरचंदे लावलेले झाड नंदनवनाचे प्रतीक म्हणून उभे केले जाई. स्ट्रॅस्‌बर्ग येथील घरांत कागदी गुलाब, सफरचंदे, पापडीसारखी बिस्किटे व मिठाई यांनी सजविलेली झाडे असल्याचा उल्लेख १६०५ मधील एका प्रवासवर्णनात आढळतो. जर्मन घरांतील ही झाडे पुष्कळदा लहान असत व मेजावर ठेवली जात; काही कुटुंबांत तर प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे झाड मांडण्याची रीत होती. राणी व्हिक्टोरिया, राजपुत्र ॲल्बर्ट व त्यांची मुले एका सजविलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र १८४८ मध्ये इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि ही प्रथा इंग्लंडच्या मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. त्या चित्रातील झाडही मेजावरच मांडलेले आहे. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणाऱ्या वृक्षाचा प्रसार पुढे विशेषतः अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क येथे एडवर्ड जॉन्सन या एडिसनच्या सहकाऱ्याने १८८२ मध्ये झाडावर विजेचे दिवे लावले, तेव्हापासून मेणबत्त्यांमुळे आग लागण्याचा धोका क्रमाने कमी होत गेला. जंगलतोडीच्या चिंतेतून रंगविलेली हंसाची पिसे तारेला गुंडाळून केलेली कृत्रिम झाडेही जर्मनीत एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. तेव्हा कृत्रिम झाड ही काही प्लॅस्टिकयुगाची करणी नव्हे.

साष्टी बेट १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन संघाने, तर वांद्रे, अंधेरी या भागांत जेझुइट संघाने धर्मप्रसार केला. अंधेरीजवळील मरोळ परिसरातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ मध्ये बांधले गेले. कॅथलिक परंपरेत नाताळचे केंद्र वृक्ष नसून गोठा, म्हणजे येशूच्या जन्मस्थानाचा देखावा, हे होय. संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ मध्ये असा देखावा उभा केल्यामुळे या प्रथेला चालना मिळाली आणि फ्रान्सिस्कन व जेझुइट या दोन्ही संघांनी तिचा प्रसार केला. साष्टीत ती त्यांच्यामार्फतच आली असावी. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज पाद्री गेले, अनेक चर्चवास्तू ओस पडल्या. पण येथील शेतकरी, कोळी, भंडारी आदी समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे आपला धर्म व मराठी बोली सांभाळून राहिली. साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली. गोवा व मंगळूरकडून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी या मूळ रहिवाशांनी पुढे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले व १८८७ मध्ये आपली संस्था स्थापन केली. त्यांच्या गावठाणांत गोठा ओटीवर वा गावच्या क्रुसाजवळ मांडला जाई. मातीच्या बाहुल्या, गवताचे छप्पर आणि काही दिवस आधी ताटलीत पेरून उगविलेली नाचणी किंवा गहू एवढे साहित्य त्यास पुरे होई. कोवळ्या नाचणीचे हिरवे शेत हा गोठ्याचा येथील शेतीशी असलेला सर्वांत देखणा दुवा होय. घटस्थापनेतील धान्य रुजविणाऱ्या शेजाऱ्यांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

वृक्ष आला तो ब्रिटिश काळात. इंग्रज अधिकारी, रेल्वेच्या नोकरीतील अँग्लो-इंडियन कुटुंबे आणि इंग्रजी शाळांतील समारंभ यांच्याद्वारे त्याची ओळख झाली. मूळची प्रॉटेस्टंट घरांत वाढलेली ही चाल कॅथलिक घरांत गोठ्याच्या शेजारी, पाहुणी म्हणून शिरली. (खुद्द व्हॅटिकनच्या चौकात नाताळवृक्ष उभारण्याची प्रथा १९८२ मध्ये दुसरे पोप जॉन पॉल यांच्या कारकीर्दीत सुरू झाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.) युरोपातील फर व स्प्रूस मुंबईच्या हवेत वाढत नाहीत. त्यांची जागा किनाऱ्यावर वारा अडविण्यासाठी लावल्या जाणाऱ्या सुरूने घेतली. सुरूची पाने सुईसारखी दिसतात, पण त्या वस्तुतः हिरव्या बारीक डहाळ्या असून हे झाड सूचिपर्णी नाही, सपुष्प आहे. सुरूची फांदी ओल्या वाळूच्या बादलीत रोवावयाची, बादलीस रंगीत कागद गुंडाळावयाचा आणि फांदीवर कापूस पसरावयाचा, अशी पद्धत पडली. डिसेंबरच्या दुपारी जेथे पंखा लावावा लागतो, तेथे हा कापसाचा बर्फ निखालस परका होता. मुलांना मात्र तोच सर्वांत प्रिय. फांदी थोड्याच दिवसांत सुकून गळू लागे.

अंधेरी व आसपासचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. त्यानंतर गावठाणांभोवतीची भातशेती कारखाने, विमानतळ व वसाहती यांखाली गेली. मरोळ परिसरातील जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाल्या. साथीमुळे १८४० च्या सुमारास सोडून दिलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात सापडले. त्याच काळात गोवा, मंगळूर व केरळ येथील ख्रिस्ती कुटुंबे उपनगरांत स्थायिक झाली. बोरिवलीत मंडपेश्वराशेजारी आय. सी. कॉलनी वसली, पूर्वेकडे घाटकोपर व मुलुंड येथेही नोकरदार ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढली. ओटी गेली आणि एक-दोन खोल्यांचे घर आले. गोठा, वृक्ष व चांदणी या तिघांना मिळून एक कोपरा उरला. सामान्यतः मेजावर झाड, त्याच्या पायाशी गोठ्याच्या मूर्ती आणि खिडकीत कागदी चांदणी अशी मांडणी स्थिरावली. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांची ही चांदणी दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण म्हणावी लागेल.

झाड निवडण्याचे मार्ग आता मुख्यतः दोन आहेत. एक कुंडीतील ॲरोकेरियाचा. भारतात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकली जाणारी ही झाडे बहुतांशी न्यू कॅलिडोनिया बेटांवरील जातीची असतात. कुंडीत ती मंद वाढतात आणि काही वर्षे सजविता येतात; जमिनीत लावल्यास मात्र इमारतीची बरोबरी करतात. दुसरा मार्ग घडीच्या प्लॅस्टिक झाडाचा. ते स्वस्त पडते व खोक्यात घालून माळ्यावर टाकता येते, परंतु टाकून दिल्यावर कुजत नाही. तेच झाड पुष्कळ वर्षे वापरले, तरच त्याचे समर्थन होऊ शकते. फांदी तोडण्यावर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण अधिनियमाने नागरी भागात निर्बंध आले आहेत. सजावटही आटोपशीर झाली आहे. लहान झाडाला मोठे गोळे शोभत नाहीत, जड दागिन्यांनी त्याच्या फांद्या वाकतात. म्हणून दिव्यांची एक बारीक माळ, कागदी ताऱ्या, रंगीत फिती आणि शेंड्यावर एक चांदणी एवढ्यावर काम भागते. मुलांनी शाळेत केलेल्या कागदी वस्तू अशा झाडावर उठून दिसतात.

सण सुटसुटीत झाला तो केवळ झाडापुरता नाही. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, मार्झिपान इ. पदार्थ पूर्वी शेजारणी एकत्र बसून अनेक दिवस करीत. कुलकुल वळण्याचे काम कंगव्यावर वा काट्यावर मुलेच करीत. मंगळुरी कुटुंबांत याच फराळाला कुस्वार म्हणतात. ताटे भरून हिंदू शेजाऱ्यांकडे पाठविली जात आणि दिवाळीत करंज्यांच्या रूपाने त्यांची परतफेड होई. आता बहुतेक पदार्थ परिसरातील घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांकडून विकत घेतले जातात. ताट शेजारी जातेच, फक्त लहान झाले आहे. झाडाच्या उंचीत काही गमावले नाही. गमावले ते या सामाईक श्रमात, आणि ते विकत मिळत नाही. काही धर्मग्रामांत तरुणांच्या गोठा-स्पर्धांनी त्याची अंशतः भरपाई केली आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी घालणाऱ्या २००० च्या नियमांमुळे उघड्या पटांगणातील मध्यरात्रीचा मिस्साही अनेक चर्चमध्ये संध्याकाळी उरकण्यात येऊ लागला. त्यामुळे झाडाचे दिवे लावून कुटुंबाने एकत्र जेवण्याची वेळ बदलली. वृद्ध व लहान मुले असलेल्या घरांना ती सोयीचीच झाली.

झाड व गोठा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवण्याची रीत आहे. गोठ्यातील तीन राजांच्या मूर्ती काही घरांत प्रथम दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकविल्या जातात व त्या दिवशी बाळाजवळ पोहोचविल्या जातात. नंतर मूर्ती कापसात गुंडाळल्या जातात, दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळली जाते आणि पिवळी पडू लागलेली नाचणी कुंडीत मिसळली जाते.