रोलिंग मिल
परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या रोलरांच्या फटीतून धातू दाबून नेऊन त्याची जाडी घटविणारी व त्यास इष्ट आकार देणारी यंत्रणा. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्ट यांनी 1783 साली खाचयुक्त रोलरांचे पेटंट घेतल्यावर लोखंडी कांबी घणाऐवजी रोलरांनी घडविण्याची रीत रूढ झाली (→ लोखंड व पोलाद). तप्त लाटणात सु. 1,200° से. पर्यंत तापविलेला पोलादी ठोकळा, पृष्ठावरील ऑक्साइडाचे पापुद्रे झडत असता, उत्तरोत्तर अरुंद फटींतून जातो. घनफळ कायम राहत असल्याने जाडी घटते तशी लांबी वाढते, आणि भरड कणांच्या जागी बारीक कण नव्याने स्फटिकतात, हाच या क्रियेचा खरा लाभ होय. शीत लाटणाने पत्रा गुळगुळीत व कठीण होतो, परंतु तन्यता उणावल्यामुळे तो पुन्हा तापवून सावकाश निववावा लागतो (→ अनुशीतन). लोहमार्गाचे रूळ, तुळया, जहाजांचे पत्रे आणि जालन्याच्या कारखान्यांतील बांधकामाच्या सळया तप्त लाटणाने तयार होतात.