श्रेणिगुण सरासरीचे रूपांतर

एका मूल्यांकन पद्धतीत मिळालेली सरासरी दुसऱ्या पद्धतीच्या मापात किंवा टक्केवारीत व्यक्त करणे, यास श्रेणिगुण सरासरीचे रूपांतर म्हणतात. प्रवेश, शिष्यवृत्ती अथवा नोकरीसाठी किमान टक्केवारीची अट असल्यास ते आवश्यक ठरते. सर्व विद्यापीठांना लागू पडेल असे एकच सूत्र नाही.

गणना

प्रत्येक विषयाच्या श्रेणिगुणास त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणून आलेल्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले जाते. एका सत्राच्या सरासरीस एसजीपीए, तर सर्व सत्रांच्या एकत्रित सरासरीस सीजीपीए म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा गुणांच्या पट्टीत 'ओ' श्रेणीस १० आणि उत्तीर्णतेच्या 'पी' श्रेणीस ४ श्रेणिगुण आहेत.

प्रचलित सूत्रे

* सरळ प्रमाण: सरासरीला १० ने गुणणे.
* केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ: २०१७ पर्यंत दहावीला दिल्या जाणाऱ्या सरासरीला ९.५ ने गुणणे. सर्वोच्च श्रेणीतील (९१ ते १००) विद्यार्थ्यांचे सरासरी गुण सुमारे ९५ असल्याने हा गुणक निवडण्यात आला.
* अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद: सरासरीतून ०.७५ वजा करून १० ने गुणणे.

६.५ सीजीपीएची टक्केवारी या सूत्रांनी अनुक्रमे ६५, ६१.७५ आणि ५७.५ येते. त्यामुळे ६० टक्क्यांची अट असलेल्या ठिकाणी विद्यार्थ्याची पात्रता सूत्रावर अवलंबून राहते.

मुंबई विद्यापीठातील श्रेणीपट्ट्या

पनवेल परिसरातील अनेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाने २०११-१२ पासून पदवी स्तरावर लागू केलेल्या सात गुणांच्या पट्टीत ६० ते ६९.९९ टक्क्यांना 'ए' श्रेणी व ६ श्रेणिगुण होते. पुढे आलेल्या दहा गुणांच्या पट्टीत याच टक्क्यांना ८ श्रेणिगुण देण्यात आले. सर्व विषयांत 'ए' मिळवणाऱ्याचे प्रत्यक्ष गुण ७० टक्क्यांपेक्षा कमीच असतात. तरीही ८ सीजीपीएसाठी वरील सूत्रे अनुक्रमे ८०, ७६ आणि ७२.५ टक्के दाखवतात. श्रेणींच्या कक्षा समान रुंदीच्या नसल्याने ही तफावत येते. म्हणून पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे स्वतःचे सूत्र वा रूपांतर प्रमाणपत्र उपलब्ध असल्यास तेच वापरणे योग्य ठरते.

परदेशी प्रवेश

जर्मनीत १ हा सर्वोत्तम, तर ४ हा उत्तीर्णतेचा किमान दर्जा असतो. सुधारित बव्हेरियन सूत्रानुसार कमाल गुणांतून प्राप्त गुण वजा करून त्या फरकाला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागतात, आलेल्या संख्येला ३ ने गुणून त्यात १ मिळवतात. कमाल १० व किमान ४ धरल्यास ८ सीजीपीएचे रूपांतर २.० होते.

अमेरिकेतील चार गुणांच्या पट्टीवर सरळ प्रमाणाने ८ चे ३.२ होतात. मात्र अनेक मूल्यांकन संस्था एकूण सरासरीऐवजी प्रत्येक विषयाच्या श्रेणीचे स्वतंत्र रूपांतर करतात. त्यामुळे त्यांचा निष्कर्ष सरळ प्रमाणापेक्षा वेगळा असू शकतो.