आभासी खासगी जाळे व घरगुती राउटर

आभासी खासगी जाळे (व्हीपीएन) म्हणजे सार्वजनिक इंटरनेटवरून संकेतबद्ध संदेशांचा बंदिस्त मार्ग काढून दूरचा संगणक कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यास जोडण्याची पद्धती. या मार्गास ‘बोगदा’ अशी संज्ञा रूढ आहे. घरगुती बिनतारी राउटरमधून तो काढताना अडचण आल्यास दोष लहरींना दिला जातो. तिचे मूळ बहुधा राउटरच्या पत्ता-रूपांतरात असते.

इंटरनेटवरील पत्त्यांची टंचाई ओळखून १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची (नॅट) योजना मांडण्यात आली. तीनुसार घरातील सर्व उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्यावर चालतात. राउटर जाणाऱ्या संदेशाचा पत्ता बदलतो आणि आलेले उत्तर कोणाचे, हे पोर्ट क्रमांकावरून ठरवितो. पुढच्याच वर्षी आयपीसेक ही सुरक्षा-पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्या एका प्रकारात पत्ता बदललेला संदेश छेडछाड झालेला समजून नाकारला जाई, तर दुसऱ्यात पोर्ट क्रमांकच संकेतनाखाली झाकला जाई. दोन्ही योजना आपापल्या जागी योग्य होत्या. एकत्र मात्र नांदत नव्हत्या. १९९६ च्या सुमारास पुढे आलेल्या पीपीटीपीचीही तीच गत होती. तिच्या मुख्य प्रवाहास पोर्ट क्रमांक नसल्याने अनेक राउटरांतून एका वेळी एकच बोगदा चाले.

जानेवारी २००५ मध्ये आयपीसेकचे संदेश यूडीपीच्या आवरणात घालून ४५०० क्रमांकाच्या पोर्टने पाठविण्याचे मानक प्रसिद्ध झाले आणि हा तंटा बव्हंशी मिटला. योगायोगाने त्याच महिन्यात भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला.

भारतात मात्र नियमांचा अडथळा अधिक काळ टिकला. कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घ्यावयाचे, तर १ कोटी रुपयांची बँक हमी द्यावी लागे व अधिकृत दूरसंचार कंपनीकडूनच खासगी जाळे घ्यावे लागे. १३ मार्च २०२० रोजी दूरसंचार विभागाने ही बंधने तात्पुरती शिथिल केली आणि कंपन्यांना स्वतः उभारलेले व्हीपीएन वापरण्याची मुभा दिली. २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पुण्यातील वा बंगळूरमधील अशा कंपनीची नोकरी औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) सिडको किंवा गारखेड्यातील घरी बसून करणे नियमात बसले, ते या सवलतीमुळे. तिच्यात स्थिर पत्त्याची अट होती. घरगुती जोडणीचा पत्ता सामान्यतः बदलता असतो, हे लक्षात घेता ती अट जाचकच म्हणावी लागेल. ५ नोव्हेंबर २०२० च्या नियमावलीने बँक हमी कायमची रद्द केली.

उरलेल्या अडचणी किरकोळ, पण चिवट आहेत. घर व कार्यालय या दोहोंचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ या एकाच मालिकेतील असल्यास बोगदा जुळूनही कार्यालयातील संगणक सापडत नाही. अशा वेळी घरच्या राउटरची मालिका बदलावी लागते. छोटे संदेश जातात, मोठी फाइल मात्र अडकते, असे होत असेल तर आवरणामुळे संदेशाचा आकार १,५०० बाइटांची मर्यादा ओलांडत असतो. तो कमी ठरवून दिल्यास काम सुरळीत चालते.